माथ्यावरचे लाकूड

इंदूरच्या राजवाड्यासमोर उभे राहिले की पाहुण्याची मान आपोआप वर होते. मल्हारराव होळकरांच्या काळापासूनच्या या सात मजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. लाकडाच्या वाट्याला अग्नी यायचाच. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा वाड्याने आग सोसली, १९८४ च्या दंगलीत त्याचा मोठा भाग पुन्हा जळाला, आणि पुढे तो नव्याने उभारण्यात आला. इतके होऊनही इंदूरकरांचे लाकडावरचे प्रेम काही जळाले नाही. राजवाड्यामागच्या बोळांतून हिंडताना एखाद्या मराठी वाड्याचे दार उघडे दिसले, तर ओसरीवरून वर पाहावे. काळवंडलेले सागवान अजून छत तोलून उभे असते.

एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. आपल्या वाड्यांत एवढे लाकूड असूनही त्यावर पाऊल क्वचितच पडत असे. भिंतींवर तुळया, तुळयांवर थोड्याथोड्या अंतराने कड्या, कड्यांवर सागवानी तक्ते आणि तक्त्यांवर चोपून बसविलेला मातीचा जाड थर, असा तो कडीपाट. माडीवरची ही जमीन घरातल्या बायका शेणाने सारवीत; पुढे कुठे कोबा आला, कुठे शहाबादी फरशी. खाली निजलेल्याला डोळे उघडताच सागवान दिसे. माडीवर चालणारा मात्र मातीवरूनच चाले. मातीमुळे उन्हाळ्यात माडी कमी तापे आणि वरच्या पावलांचा धाडधाड आवाज खाली येत नसे.

पायांखाली उघडे लाकूड पाहायचे ते खान नदीकाठच्या लालबागेत. १८८६ ते १९२१ या काळात बांधलेल्या या होळकरांच्या महालात नृत्याचे दालन आहे. त्याची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसविली आहे, नाचणाऱ्याच्या पावलाला उसळी मिळावी म्हणून. ती हौस साहेबी थाटाची होती. आपल्या मध्यम स्थितीतल्या घरांशी तिचा काही संबंध नव्हता.

आता तो आला आहे. माझ्या भाच्याने विजयनगरकडे फ्लॅट घेतला आणि जुन्या इंदुरातला त्यांचा वाडा मोडावयाचे ठरले. ताईचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांमुळे तिला गुळगुळीत, गार फरशी सोसत नाही. म्हणून तिच्या खोलीत भाच्याने लॅमिनेट घालावयाचे योजिले. हा प्रकार १९७७ साली स्वीडनमधल्या पेरस्टॉर्प कंपनीने काढला. दाबून घट्ट केलेल्या लाकडी भुशाची फळी, तिच्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि वर पारदर्शक, कठीण थर. म्हणजे दिसते ते लाकूड नसून लाकडाचे चित्र असते. परंतु त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आठ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या फोमच्या पातळ थरावर एकमेकींत अडकवून बसवितात. खिळा नको, सरस नको, एक खोली दिवसात पुरी होते. सांध्यांत पाणी मुरले तर कडा फुगतात आणि फुगलेली पट्टी रंधून सरळ करता येत नाही, एवढाच त्यातला दोष. आपल्याकडच्या ओल्या पोछ्याच्या सवयीला मात्र तो लहान नव्हे.

मी सुचविले, वाड्याचे तक्ते वखारवाल्याला देण्याऐवजी तेच खाली घालावेत. भाच्याला ते पटले. ताई मात्र बिथरली. म्हणाली, "साठ वर्षं ज्याच्याखाली निजले, त्याच्यावर पाय कसा देऊ?" भाचा माझ्याकडे वळला, "मावशी, आता तूच समजाव तिला." समजावण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. दोन दिवस तो विषय कोणी काढला नाही. तिसऱ्या दिवशी ताईनेच तोड काढली. जी बाजू खालून दिसत असे, धुराने काळी झालेली, ती खालीच राहू द्यावी. मातीची बाजू वर करावी. तिच्यावरून आजवर आपण चालतच आलो आहोत.

सुताराला हे मुळीच रुचले नाही, आणि त्याचेही खरे होते. मातीचे कण लाकडाच्या रेषांत रुतलेले असतात. त्यावर रंधा चालविला की पाते बोथट. प्रथम खिळे उपटावे लागले, मग तारेच्या ब्रशाने एकेक तक्ता घासावा लागला. रंधा फिरू लागला तेव्हा मात्र इतक्या जुन्या लाकडातून नव्या सागवानाचा वास आला. तक्ते कमी-अधिक रुंदीचे होते; ते तसेच ठेविले. स्लॅबवर प्लास्टिक अंथरून त्यावर रिपा ठोकल्या आणि रिपांवर तक्ते स्क्रूने आवळले. भिंतीकडेने अर्धा इंच जागा मोकळी सोडली. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात आकसते. जागा न मिळाल्यास ते मधोमध उचलले जाते. ही फट भिंतीकडेच्या पट्टीखाली झाकली जाते. जमीन दोन इंच वर आल्यामुळे दार खालून कापावे लागले आणि उंबऱ्याशी उतरती फळी बसवावी लागली, नाहीतर ताईला तेथेच ठेच लागली असती. बाहेरच्या खोल्यांत लॅमिनेटच घातले. तक्ते तेवढे पुरले नाहीत.

वैशाखात दोन तक्त्यांमध्ये नाणे मावेल एवढी फट पडली. भाच्याने लांबी भरावयाचे म्हटले. सुताराने मनाई केली. श्रावणात ती आपोआप मिटली.

एक कडी मात्र ताईने विकू दिली नाही. तिला पाळण्याचा आकडा आहे. ती नऊ हात लांब असल्यामुळे लिफ्टमध्ये मावेना. चार माणसांनी जिन्याने वर आणली. सध्या ती बाल्कनीत आडवी आहे. तिचे काय करावयाचे, हे ताईने अद्याप सांगितलेले नाही.