वरोरा ते गडचिरोली : भाकरीची वाट

वरोऱ्याहून भद्रावती, चंद्रपूर, मूल, सावली असे करत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली येते. या वाटेवर माती बदलते आणि मातीबरोबर ताटातली भाकरीही. स्वयंपाकाला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलामुलींसाठी ही वाट म्हणजे एक शाळाच आहे.

वरोरा, भद्रावती, राजुरा हा काळ्या मातीचा भाग. इथली जुनी भाकरी ज्वारीची. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो, म्हणून ती लाटण्यापेक्षा थापावी. गरम पाणी घालून पीठ तळहाताने चांगले मळावे, थापलेली भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावा. पीठ ताजे हवे. जुन्या पिठाच्या भाकरीला थापतानाच चिरा पडतात.

गव्हाचा चिवटपणा पाहायचा असेल तर विदर्भातली माठावरची लांब रोटी पाहावी. सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवतात आणि चुलीवरच्या उपड्या माठावर अलगद टाकतात. मटणाच्या रश्शाबरोबर ती खास लागते. पानगे याच्या अगदी उलट. जाड कणकेचा गोळा पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. तवाही लागत नाही.

मूल, सिंदेवाही, नागभीडकडे वळले की तलाव आणि धानाच्या बांध्या दिसू लागतात. एचएमटी हे तांदळाचे नामांकित वाण याच मातीतले. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने ते निवडीतून तयार केले. त्या काळी गाजलेल्या घड्याळावरून त्याला नाव मिळाले. अख्खा तांदूळ बाजारात जातो, पण कणी वाया जात नाही. तिच्या पिठाची भाकरी होते. उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकून ठेवावे, कोमट झाल्यावर मळावे. थंड पाण्याने ते बांधून येत नाही. तेच पीठ पातळ कालवून तव्यावर पसरले की आयते होतात. इफ्तारसाठी झटपट आणि पोटाला हलके.

पुढे जंगल दाट होते आणि मोह भेटतो. मोहाचे नाव काढले की आपल्याला दारूच आठवते. त्यात नवल नाही. तिने संसार उद्ध्वस्त केले आहेत. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या लढ्यातून आली. पण झाडाचा त्यात काय गुन्हा? मोहाचे फूल मुळात गोड अन्न आहे. आंबवल्याशिवाय त्यात नशा येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ते पहाटे गळते आणि बाया-मुले टोपल्या घेऊन अंधारातच वेचायला निघतात. रमजान या दिवसांत आला की इकडे सहरीचे दिवे लागलेले असतात आणि तिकडे रानात मोह वेचणे सुरू असते. दोघांचीही धडपड दिवस उजाडण्याआधीची.

वाळलेली फुले निवडून, केसर काढून, दोन-तीन पाण्यांनी धुवावीत. थोड्या पाण्यात मऊ शिजवून वाटावीत आणि कणकेत किंवा ज्वारीच्या पिठात मळावीत. गूळ-साखर लागत नाही. आच मंद ठेवावी, कारण फुलातली साखर लवकर करपते. एक काळजी मात्र घ्यावी. भिजलेली फुले फार वेळ ठेवू नयेत आणि आंबूस वास आला तर सरळ टाकून द्यावीत.

कुरआनच्या सूरह नहलमध्ये खजूर आणि द्राक्षांचा उल्लेख आहे. त्यांच्यापासून माणूस नशाही मिळवतो आणि उत्तम अन्नही, असे तिथे सांगितले आहे. मोहाचेही तसेच आहे. फूल अल्लाहने दिले. भट्टी लावायची की तवा ठेवायचा, हे माणसाने ठरवायचे. वेचणाऱ्या बाईकडून कुणी भाकरीसाठी शेरभर मोह योग्य दाम देऊन घेतला, तर तेवढी फुले तरी भट्टीवर जायची वाचतील, आणि तिच्या घरातही हलाल कमाईची बरकत जाईल.