पिंपळाच्या फेऱ्या

आमच्या कचेरीतील एका तमिळ सहकाऱ्याने २०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मालिका घरबसल्या पाहिली आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता आम्हांस विचारले, "सार, ती खुनी बाई तुमच्या गावाकडचीच ना?" तंजावरात मराठी म्हटले की लोकांस सरफोजी राजे आणि सरस्वती महाल आठवतात. आमच्या परभणी जिल्ह्याची ओळख मात्र अशी पटावी, याचे वाईट वाटले. तरी होय म्हणणे भाग होते.

त्या बाईचे नाव रुक्मिणी. पारधी समाजात जन्मलेली, उत्तमराव बारहाते या मातब्बर गृहस्थाच्या आश्रयाने राहणारी आणि निपुत्रिक. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या अवधीत, ऐन दुष्काळापासून पुढे, मानवतेस एकामागून एक खून पडले. बळी गेल्या त्यांत कित्येक दहा वर्षांच्या आतबाहेरच्या मुली. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. पिंपळावरच्या मुंज्यास कुमारिकांचे रक्त दिले म्हणजे गुप्तधन हाती लागेल व रुक्मिणीची कूस उजवेल, ही समजूत या कृत्यांच्या मुळाशी होती, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे पडले.

आमची आत्या तेव्हा आठ वर्षांची होती. आजीने तिला शाळेतून काढून घरात बसविले. "एवढे वर्ष जाऊ दे, मग घालू," असे ठरले होते. वर्ष गेले, आत्या मात्र पुन्हा शाळेत गेली नाही. हल्ली रेशनच्या दुकानात साऱ्यांनाच अंगठा लावावा लागतो, याचे तिला मोठे समाधान आहे.

कारकुनी पेशामुळे कोणतेही प्रकरण अखेरच्या हुकमापर्यंत पाहण्याची आम्हांस खोड जडली आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात निर्णय दिला. माफीचा साक्षीदार स्वतःच गुन्ह्यात बुडालेला असतो. त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, हा त्याचा गाभा. इतर कित्येकांस शिक्षा झाल्या. रुक्मिणी आणि उत्तमराव मात्र अपिलात सुटले. कायद्याने खुनी न ठरलेली ही बाई आमच्या घरी मात्र खुनीच राहिली. लहानपणी आम्ही अन्न टाकले की तिचेच नाव घेतले जाई, उत्तमरावांचे कधी नाही. आधीच परक्या सरकारने ज्या जमातीस जन्मतः गुन्हेगार ठरविले होते, तिच्यातली ती. भीती घालण्यास सोयीची.

तिकडे इटलीत लिओनार्दा च्यान्चुल्ली नावाच्या स्त्रीने १९३९-४० मध्ये तीन बायकांचे प्राण घेतले. तिची बहुतेक मुले दगावली होती; उरलेल्यांतला थोरला मुलगा युद्धातून वाचावा म्हणून हे बळी दिले, असे तिने स्वतःच सांगितले. १९४६ साली तिला शिक्षा झाली. तिने केले ते घोरच. पण ज्या भीतीने केले, ती भीती आम्हांस अनोळखी वाटली नाही, हे कबूल केले पाहिजे.

कारण आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली, आणि घरात पाळणा नाही. आमच्या बिऱ्हाडाजवळच्या एका लहान देवळात पिंपळ आहे. बुंध्याशी नागाचे दगड, फांद्यांना बायकांनी नवसाने बांधलेले चिमुकले लाकडी पाळणे. पिंपळाला फेरी घालून लगेच ओटीपोट चाचपणाऱ्या बाईवर तमिळ लोकांत एक म्हण आहे. ती आम्ही सौ.ला हसत हसत ऐकविली. ती हसली नाही. मागल्या वर्षी एका परिचिताने दूरच्या गावच्या मांत्रिकाचा पत्ता आणून दिला. काय काय लागेल, याची एक यादीही त्याने दिली होती. तीत एक काळे कोंबडे होते. आम्ही तो कागद फाडला. परंतु फाडण्यापूर्वी दोन दिवस तो आमच्या खिशात होता. सौ.ला हे आम्ही अद्याप सांगितलेले नाही.

शनिवारी ती फेऱ्यांस जाते. आम्ही तिच्या चपला सांभाळीत पारापाशी उभे राहतो. गेल्या शनिवारी मध्येच थांबून तिने विचारले, "अहो, किती झाल्या?"

आम्ही मोजीत होतो. "एकोणीस," आम्ही म्हणालो.