खुणांची भाषा

परदेशी जोडप्यास मूल दत्तक देण्यापूर्वी त्याच्यासाठी आपल्याच देशात घर शोधावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिला. भिवंडीतील ज्या बालसदनात मी दर रविवारी जाई, तेथे सहा वर्षांची एक कर्णबधिर मुलगी होती. तिच्यासाठीही असे घर शोधले. कोणी पुढे आले नाही. धडधाकट मूल सर्वांसच हवे असते! अखेर इटलीहून एक जोडपे आले. देशोदेशींच्या खुणांची भाषा निराळी. म्हणून त्या बाई आपल्याकडील खुणा शिकून आल्या होत्या. त्यांनी ‘आई’ अशी खूण केली. मुलगी पाहतच राहिली. मग तिने त्यांचा हात धरून भिंतीवर टेकवला. पलीकडे यंत्रमाग चालू होते. ती थरथर तिला इतकी प्रिय आहे, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते.