अडेनियमचा पावसाळा

मे महिन्यात गच्चीवरचा मोगरा दोन वेळा पाणी मागतो, तुळस दुपारी मान टाकते. तापलेल्या कठड्याशी अडेनियम मात्र गुलाबी फुलांनी लगडलेलं असतं. सावलीत ठेवलं तर नुसतीच पानं धरतं, फुलांवर रुसतं.

मला त्याच्या फुलांहून बुंधा प्रिय. राखाडी, गुळगुळीत, पाणी साठवून फुगलेला. पाणी द्यायचं की नाही, हे त्यालाच विचारावं. अंगठ्याने दाबून टणक लागला तर झाड तृप्त आहे. किंचित दबला तर तहानलंय. मातीजवळ मऊ, ओलसर लागला तर आत कूज शिरलीय, आणि तेव्हा सुरी घेऊन निरोगी भाग दिसेपर्यंत कापत जाण्याला पर्याय नसतो.

आपण सारे जूनची वाट पाहतो; अडेनियम असलेल्या घरात तोच काळजीचा महिना. हे आफ्रिकेच्या आणि अरबस्तानाच्या कोरड्या मुलखातलं झाड. पाऊस त्यालाही हवा असतो, पण मुळांशी थांबलेला नको. म्हणून कुंडीत भरड वाळू, विटांचे तुकडे, थोडं कुजलेलं शेणखत; बागेतली काळी माती अजिबात नाही. झड लागली की कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण उजेडातच ठेवावी.

या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन पीटर फोर्सकॉल या लिनियसच्या शिष्याने केलं. डेन्मार्कच्या राजाने धाडलेल्या मोहिमेबरोबर तो येमेनला गेला आणि 1763 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तापाने तिथेच वारला. मोहिमेतून जिवंत परतलेला एकटा कार्स्टन नीबूर. वाटेत तो मुंबईत राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेऊन चित्रं काढली, आणि पुढे 1775 मध्ये मित्राची टिपणं छापली. त्यातच आपलं हे अडेनियम आहे. नर्सरीतल्या कुंडीपुढे उभं राहिलं की मला त्या तरुणाची आठवण येते.

नर्सरीत दुहेरी पाकळ्यांची कलमं मिळतात, देखणीही असतात. तरी मी बीपासून वाढवलेलं झाडच निवडेन. फांदी लावली तर रोप जगतं, फुलतं, पण तसा गोलसर बुंधा सहसा धरत नाही. शिंगांसारख्या जोडशेंगा पिकत आल्या की त्यांना दोरा गुंडाळावा. नाहीतर शेंग उकलते आणि दोन्ही टोकांना केसांचे झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर जातात. ताजं बी आठवड्याभरात उगवतं. पुढे दर वेळी कुंडी बदलताना रोप थोडं वर उचलून लावायचं, म्हणजे जाड मुळं हळूहळू उघडी पडतात आणि बुंध्याला डौल येतो. दुखावलेली मुळं सुकेपर्यंत काही दिवस पाणी द्यायचं नाही.

थंडी सरली की छाटणी. कापलेल्या जागी पांढरा चीक येतो. हे कण्हेरीच्याच कुळातलं, आणि तितकंच विषारी. आफ्रिकेत याच्या रसाने बाणांची टोकं माखत. म्हणून हात साबणाने नीट धुवावेत, सुरीसुद्धा. पडलेल्या फांद्या लगेच उचलाव्यात, कारण घरातलं रांगतं मूल सगळ्यात आधी तिथेच पोचतं.