१,४०२ मतं

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे बोस्टनला होतो. विमानतळावरून येताना टॅक्सीवाला म्हणाला, "हा स्टॉरो ड्राइव्ह. इथले पूल बुटके, दर सप्टेंबरला सामानाचा एखादा ट्रक अडकतोच." हा स्टॉरो कोण, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

उत्तर मिळालं स्कूल स्ट्रीटवर. तिथे १८६५ चा जुना सिटी हॉल आहे. १९६९ पर्यंत महापौर इथेच बसायचे. अंगणात डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह असलेलं ब्राँझचं गाढव आहे. त्यावर बसून फोटो काढायला वयाची अट नाही, मीही काढला.

या इमारतीसाठी जानेवारी १९१० मध्ये जोरदार लढत झाली. एका बाजूला जॉन फिट्झगेराल्ड, आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, नॉर्थ एंडच्या दाटीवाटीत वाढलेला, सभेत गाणं म्हणणारा. आधी एकदा महापौर होऊन, भ्रष्टाचाराच्या आरोपांत १९०७ ला हरलेला. दुसऱ्या बाजूला जेम्स स्टॉरो, जुन्या घराण्यातला, हार्वर्डचा, बँकर. त्याच्यामागे सुधारणावाले. त्यांनी नवी सनदच आणली होती: मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, उमेदवारीला ५,००० सह्या, महापौराला चार वर्षं. फिट्झगेराल्डसारख्यांना बाहेर ठेवायची ही सोय. त्याने प्रचार माणूस विरुद्ध पैसा असा फिरवला. स्टॉरो लाजाळू, भाषणात पडेल. शिवाय आजारी असलेले मावळते महापौर हिबर्डही मतपत्रिकेवर होते.

निकाल: फिट्झगेराल्ड ४७,१७७, स्टॉरो ४५,७७५. फरक १,४०२. हिबर्डना त्याहून जास्त मतं पडली होती! म्हणजे पहिल्याच निवडणुकीत सनद तिच्या कर्त्यांवर उलटली.

मला स्टॉरोबद्दल वाईट वाटलं. माणूस प्रामाणिक होता. पण नॉर्थ एंडच्या गल्ल्यांतून चालताना दुसरी बाजूही कळली. बडोद्यात चौथ्या पिढीलाही "मूळचे कुठले?" ऐकावं लागतं, तेव्हा 'शहर कोणाचं' हा प्रश्न आयरिश पोरांना किती लागला असेल, हे मला वेगळं सांगायला नको. त्याच फिट्झगेराल्डचा नातू पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, जॉन फिट्झगेराल्ड केनेडी.

आणि स्टॉरो? चार्ल्स नदीवर धरण व्हावं म्हणून तो झटला होता. पत्नी हेलनने त्याच्यामागे काठावरच्या बागेसाठी दहा लाख डॉलर दिले आणि तिथून रस्ता नेण्याला विरोध केला. ती गेल्यावर रस्ता झालाच. नाव दिलं तिच्या नवऱ्याचं.

संध्याकाळी त्याच काठावरून आईला फोन लावून हे सगळं सांगितलं. गेल्या महापालिका निवडणुकीच्या दिवशी मी मित्रांबरोबर दीवला होतो, हे ती विसरलेली नव्हती. म्हणाली, "ते राहू दे. मतदार यादीत तुझं नाव कुठल्या पत्त्यावर आहे, ते बघ आधी."

बघितलं. अजून आजोबांच्या विकलेल्या घराच्या पत्त्यावरच आहे.