उंबरठ्याचे गणित

आमची पहिलारू कालवड अडली, त्या रात्री वासरू ओढून काढावे लागले. ते जगले, कालवड गेली. पुढे मी या विषयावर वाचू लागलो. अमेरिकेत होल्स्टीन गाईंच्या प्रसूतीची नोंद एका आकड्याने होते: १ म्हणजे विनासायास, ५ म्हणजे अत्यंत अवघड. त्यांवरून वळूंचे आनुवंशिक मूल्य ठरवावयाचे. सरळरेषी संख्याशास्त्रीय प्रतिमान या आकड्यांतील अंतरे सारखीच धरते. आम्हां शिक्षकांना ते कसे पटावे? ३४ गुणांचा मुलगा नापास होतो. ३५ आणि ४४ गुणांचे मात्र एकाच श्रेणीत बसतात! सिवॉल राइट यांनी १९३४ साली गिनीपिगच्या बोटांच्या संख्येविषयी हाच उंबरठ्याचा विचार मांडला. जियानोला आणि फ्रान्सचे जाँ-लुई फूले यांनी १९८३ साली तो वळूंच्या मूल्यमापनास लावला. आत अडचण सलग वाढत असते. आपणांस दिसते ती केवळ ओलांडलेली पायरी. गंमत अशी की, वळूची वासरे विपुल असली म्हणजे दोन्ही प्रतिमाने बहुधा सारखीच क्रमवारी देतात. पण वासराचा आकार केवळ पित्याचा नसतो, आणि त्याला वाट देणारा कटिभाग तर मातेचाच. म्हणून मातेच्या पित्याचाही हिशेब मांडतात. आमच्या कालवडीचा बाप कोण, हे आम्ही कोठे लिहूनच ठेवले नव्हते.