बोअरचे पाणी, नळाचे पाणी आणि केसांची तक्रार

मंगळवार पेठ, कोल्हापूर

सौ. वहिनींस,

कोल्हापूरचे पाणी केसांना मानवत नाही, ही बाहेरगावाहून येणाऱ्यांची नेहमीची तक्रार अर्धीच खरी आहे. कारण शहराला पुरवले जाणारे धरणाचे व नदीचे पाणी आणि इमारतींच्या आवारात खोदलेल्या कूपनलिकांचे पाणी यांच्या गुणधर्मांत मोठे अंतर असून, तक्रारीचा रोख बहुधा दुसऱ्या पाण्याकडे असायला हवा. मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत अनेकदा दोन टाक्या असतात, एक महापालिकेच्या पाण्याची आणि दुसरी बोअरची, आणि न्हाणीघरातल्या नळाला या दोहोंपैकी कोणती टाकी जोडलेली आहे हे घर घेताना सहसा कोणी विचारत नाही. मुंबईत भातसा, वैतरणा आणि तानसा यांच्या पाण्यावर वाढलेल्या मुलीचे केस पेठेतल्या सुट्टीनंतर राठ झाल्याचे वहिनींनी कळवले आहे, त्याचे उत्तर बिऱ्हाड इकडे हलवण्यापूर्वी याच जोडणीत शोधणे शहाणपणाचे ठरेल.

ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक प्रमाणात विरघळलेले असतात आणि त्यामुळे ज्यात साबणाचा फेस सहजी होत नाही, त्याला शास्त्रीय परिभाषेत दुष्फेन आणि व्यवहारात जड पाणी म्हणतात. कोल्हापूरच्या जमिनीखाली दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, पसरलेला आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांत दीर्घकाळ साचून राहते आणि त्या अवधीत खडकातील खनिजांमधून कॅल्शियम व मॅग्नेशियम आपल्यात ओढून घेते. सह्याद्रीच्या माथ्यावरून थेट धरणात उतरणाऱ्या पाण्याला खडकाचा इतका सहवास घडत नाही, म्हणून ते मृदू राहते. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार (आयएस १०५००) कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात मोजलेली एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगी मानली जाते. मात्र या मर्यादा पिण्याच्या पाण्यासाठी आहेत, त्या आखताना केसांचा विचार झालेला नाही, हे ध्यानात ठेवावे.

शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. कळंबा तलाव, पंचगंगेवरील उपसा आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोहोचलेले काळम्मावाडी धरणाचे थेट पाइपलाइनचे पाणी, हे सारे भूपृष्ठावरचे पाणी आहे. अडचण होते ती पुरवठा खंडित झाल्यावर: २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली तेव्हा भोवताली पूर असूनही शहर टँकरवर आणि बोअरवर आले, आणि एरवीही जलवाहिनीत किंवा पंपात बिघाड झाला की दुसऱ्या टाकीची चावी उघडली जाते. ती पुन्हा बंद करण्याची आठवण सोसायटीत कोणाला राहतेच असे नाही.

आता केसांकडे वळता येईल. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू असून त्याच्या बाहेरच्या बाजूस कौलांसारखे एकमेकांवर सरकलेले पापुद्रे असतात आणि त्यांवर स्निग्धांशाचा अत्यंत पातळ थर असतो. सुमारे ३.७ या सामूपेक्षा (सामू म्हणजे आम्लता व अल्कता मोजण्याचे परिमाण) अधिक सामू असलेल्या पाण्यात, म्हणजे अंघोळीच्या कोणत्याही नेहमीच्या पाण्यात, केसाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे धनभारित कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याला चिकटून राहतात. रंगवलेल्या, ब्लीच केलेल्या किंवा रसायनांनी सरळ केलेल्या केसांत ऋणभाराच्या जागा वाढलेल्या असल्याने त्यांत क्षार अधिक शिरतात. म्हणूनच एकाच घरात, एकाच नळाखाली, आजीचे न रंगवलेले केस तक्रार करत नाहीत आणि नातीचे करतात. यात साबणाची भर पडली तर कॅल्शियम आणि साबणातील मेदाम्ले यांच्या संयोगाने न विरघळणारा चिकट साका तयार होतो, जो बादलीच्या कडेला पांढऱ्या वळ्याच्या रूपाने दिसतो आणि केसांवर मात्र न दिसता बसतो. शाम्पूतील फेसकारी द्रव्ये असा साका करत नाहीत, परंतु अंगाचा साबण डोक्यालाही फिरवण्याची सवय, विशेषतः पुरुषांत, अजून पुष्कळ घरांत आहे.

या राठपणामुळे केस दुबळे होतात काय, याविषयी संशोधनाचा कौल एकसारखा नाही. पंधरा व्यक्तींच्या केसांवर महिनाभर प्रयोग करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जड पाणी आणि ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेपासून शुद्ध केलेले, पाणी यांच्यामुळे केसांच्या ताणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ मध्ये पाकिस्तानातील सत्तर पुरुषांच्या केसांवर तीन महिने केलेल्या अभ्यासात जड पाण्याने ताकद घटल्याचे दिसले. दोन्ही अभ्यास लहान आहेत. त्यांतून एवढेच निष्पन्न होते की हानी झालीच तर ती तंतूची होते; केसाचे मूळ त्वचेच्या आत असल्याने तेथवर क्षारांचा हात पोहोचल्याचा पुरावा या प्रयोगांत नाही. यासाठी गळणे आणि तुटणे यांतील भेद ओळखता यायला हवा: गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. मोठा ताप, बाळंतपण किंवा लोहाची कमतरता यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती नेमकी घर बदलण्याच्या सुमारास सुरू झाली तर तिचा दोष पाण्यावर जातो आणि रक्ततपासणी मागे पडते, हे या तक्रारीतले खरे नुकसान आहे.

टाळूची गोष्ट थोडी निराळी आहे. जड पाण्यात साबण व इतर प्रक्षालके त्वचेवर अधिक प्रमाणात राहून जातात आणि त्यामुळे कोरडेपणा व खाज वाढू शकते. परंतु पाणी मृदू केल्याने त्वचेचा जुनाट विकार हटतो असेही नाही, कारण इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी मृदुकारक यंत्र बसवूनही रोगात अधिक सुधारणा दिसली नाही. कोंडा तर मुख्यतः मॅलॅसेझिया या त्वचेवरच्या बुरशीशी निगडित असतो, त्याला बोअर जबाबदार नाही.

उपायांपैकी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे महापालिकेच्या नळाचे पाणी वेगळे भरून ठेवणे आणि न्हाण्याच्या शेवटी डोक्यावरून तेच ओतणे. आधीचे सारे धुणे बोअरच्या पाण्याने झाले तरी शेवटचे पाणी मृदू असले म्हणजे केसांवर सुकणारे क्षार कमी होतात. नळ नसलेल्या दिवशी बोअरचे पाणी खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि तळाचा गाळ न ढवळता वरचे घ्यावे. बसाल्टमधील पाण्याची कठीणता बऱ्याच अंशी बायकार्बोनेटची, म्हणजे तात्पुरती, असते व ती उकळल्याने खाली बसते. जुन्या तांब्याच्या बंबात जमणारा पांढरा थर हाच तो पदार्थ. सल्फेट व क्लोराइड यांच्या क्षारांवर मात्र उकळण्याचा परिणाम होत नाही. शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिन ही फेसकारी द्रव्ये कॅल्शियमशी साबणासारखा साका करत नाहीत, त्यामुळे जड पाण्याच्या गावांतही ती उपयोगी पडतात. पूड नीट गाळली नाही तर तिचे कण टाळूत अडकतात, एवढी काळजी घ्यावी. आठवड्यातून एकदा, मोठ्या तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस गाळून त्याने केस धुतल्यास चिकटलेले क्षार काहीसे सुटतात, परंतु निखळ रस टाळूवर चोळणे हे अघोरी आहे. न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याच्या रिवाजाला प्रयोगाचा आधार आहे: मुंबईतील मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलामुळे केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, सूर्यफुलाच्या व खनिज तेलामुळे होत नाही, असे आढळले. अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीचा आहे हे खरे, तथापि खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, हे त्यामागचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

शॉवरला जोडायच्या गाळण्यांच्या जाहिराती वहिनींनी पाठवल्या आहेत, त्यांविषयी एक भेद पुरेसा आहे. सक्रिय कोळशाची गाळणी क्लोरीन व वास काढते, विरघळलेले कॅल्शियम काढत नाही. ते काढण्यासाठी आयन-विनिमय राळ लागते, म्हणजे असे दाणे जे कॅल्शियम घेऊन त्याबदल्यात सोडियम सोडतात, आणि हे दाणे वेळोवेळी मिठाच्या पाण्याने पुन्हा कार्यक्षम करावे लागतात. मुठीएवढ्या डबीत मावणारी राळ किती बादल्या टिकेल, हे विक्रेत्याला विचारून पाहावे. संपूर्ण इमारतीचा मृदुकारक संच बसवणे परवडत असेल तर तो बोअरच्या टाकीलाच जोडावा, आणि पिण्याचा नळ त्यातून वगळावा.

तत्पूर्वी दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही टाक्यांचे अर्धे-अर्धे पाणी घेऊन त्यांत धुण्याच्या साध्या साबणाचा एकसारखा किस टाकून हलवून पाहावे. एका बाटलीत फेस आणि दुसरीत फुटलेल्या दुधासारखा साका दिसला, तर प्लंबरला बोलावून मुलीच्या न्हाणीघराची जोडणी बदलून घेण्याचा खर्च कोणत्याही गाळणीपेक्षा कमी येईल.